घड्याळाचा पट्टा आणि दीड मिलिमीटरची पिन

प्रति,
माननीय संपादक,

विषय : मनगटी घड्याळांचे पट्टे बसवताना होणारा निष्काळजीपणा

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत रस्त्यांवरील खड्डे, पाण्याची कपात आणि वाहतुकीची कोंडी यांविषयी भरपूर लिहिले जाते आणि ते लिहिले जावेच. मात्र आज मी ज्या गोष्टीविषयी लिहीत आहे तिची जाडी अवघी दीड मिलिमीटर आहे. मनगटी घड्याळाला पट्टा ज्या बारीक पिनेने जोडलेला असतो, त्या पिनेविषयी हे पत्र आहे. विषय क्षुल्लक वाटेल, पण ज्याचे घड्याळ चालत्या गाडीवरून रस्त्यावर पडले आहे त्याला तो क्षुल्लक वाटणार नाही, आणि अशी माणसे या शहरात थोडी नसावीत असा माझा समज आहे.

मी पुण्यातील एका महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत सहायक होतो व आता निवृत्त आहे. माझ्या मनगटावर वडिलांचे एचएमटी जनता घड्याळ असते. वडिलांनी ते १९७४ साली घेतले आणि मला नोकरी लागली तेव्हा स्वतःच्या हातावरून काढून माझ्या हातावर बांधले. त्याला रोज सकाळी चावी द्यावी लागते, ते दिवसाला दोन-तीन मिनिटे पुढे जाते आणि त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. यंदा मे महिन्यात त्याचा चामडी पट्टा बकलाजवळ चिरला, म्हणून शहराच्या मध्यभागातील एका चकचकीत दुकानात जाऊन मी नवा तपकिरी पट्टा बसवून घेतला. काउंटरवरच्या मुलाने दोन मिनिटांत काम केले, पट्टा अंगासरशी बसला, पैसे दिले, बिल घेतले आणि मी समाधानाने घरी आलो.

पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी डेक्कनच्या बसथांब्यावर मी अंगातला रेनकोट काढत होतो. रेनकोटच्या बाहीला मनगटापाशी इलॅस्टिक असते हे सर्वांना ठाऊक आहे. ते इलॅस्टिक पट्ट्याला अडकले, मी नेहमीप्रमाणे हिसका दिला आणि घड्याळ माझ्यादेखत पदपथाच्या फरशीवर जाऊन आपटले. काच तडकली, चावीची दांडी वाकली. पट्टा मात्र शाबूत होता, त्याचे बकलही नीट लावलेले होते. फक्त बाराच्या अंकाकडची बाजू घड्याळापासून सुटली होती. त्या बाजूची पिन पुढे दोन दिवसांनी रेनकोटच्या घडीत सापडली.

दुरुस्तीसाठी मी मंडईच्या परिसरात काचेची पेटी मांडून बसणाऱ्या एका घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळ पाहिले, मग मी कागदात गुंडाळून नेलेली ती पिन पाहिली आणि म्हणाले, ‘‘काका, पट्टा मापाचा आहे, पिन मापाची नाही. ही सोळाची पिन आहे, घड्याळ अठराचे आहे.’’ हे आकडे मिलिमीटरचे, म्हणजे घड्याळाच्या ज्या दोन टोकांमध्ये पट्टा बसतो त्यांच्यामधल्या अंतराचे; पिनेलाही त्याच अंतराच्या आकड्याने ओळखतात. दुकानात अठराचा पट्टा निवडला गेला होता, पण हाताशी अठराच्या पिना नसाव्यात किंवा शोधण्याचा कंटाळा आला असावा, म्हणून सोळाच्या पिना घालून काम उरकले गेले होते. पट्ट्याच्या आत दडलेली पिन गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्यामुळे त्याला ते कळण्याचा मार्गच नसतो. हे पत्र लिहिण्याचे खरे कारण हेच आहे.

घरी आल्यावर जुन्या सवयीने व्हर्नियर कॅलिपर काढले. घड्याळाच्या दोन कानांमधले, म्हणजे कारागीर ज्यांना लग म्हणतात त्यांच्यामधले अंतर १८.० मिलिमीटर भरले. सापडलेली पिन मोकळी ठेवून, म्हणजे तिची स्प्रिंगवरची टोके न दाबता, टोकापासून टोकापर्यंत मोजली तेव्हा ती १८.६ मिलिमीटर भरली. याचा अर्थ असा की प्रत्येक कानाच्या भोकात पिनेचे टोक फार तर ०.३ मिलिमीटर शिरत होते. घड्याळजींनी नंतर बसवण्यासाठी काढलेली अठराची पिन मी त्यांच्याकडून मागून मोजली होती. ती मोकळी असताना २०.४ मिलिमीटर होती, म्हणजे दोन्हीकडे मिळून टोकांना शिरायला जवळजवळ अडीच मिलिमीटरचा वाव. शिवाय पिनेतली स्प्रिंग पूर्ण मोकळी झाली की तिचा जोर संपतो. सोळाची पिन अठराच्या कानांत बसते तेव्हा ती जवळजवळ पूर्ण मोकळी झालेली असते, म्हणून ती भोकात जोराने दाबली न जाता नुसती टेकून राहते. सहा आठवडे ती टेकून राहिली हेच नवल.

ज्यांनी ही पिन कधी हातात घेऊन पाहिली नाही त्यांच्यासाठी तिची रचना सांगतो. ती म्हणजे एक पोकळ नळी असते, नळीच्या आत बारीक स्प्रिंग असते आणि स्प्रिंगच्या दाबाने दोन्ही टोके बाहेर आलेली असतात. टोक आत दाबले की पिन आखूड होते, सोडले की लांब होते. टोकाच्या थोडे अलीकडे एक बारीक कड असते, तिच्यावर दुबेळक्या अवजाराचे टोक टेकवून पिन दाबता यावी म्हणून. पट्ट्याच्या टोकाला शिवलेल्या घडीतून ही पिन जाते आणि तिची दोन टोके घड्याळाच्या दोन कानांच्या आतल्या भोकांत शिरतात. घड्याळाच्या दोन्ही बाजू मिळून अशा दोन पिना, म्हणजे एकूण चार टोके, हाच काय तो घड्याळाचा आणि मनगटाचा संबंध. आत सतरा माणकांचे साधे यंत्र असो की लाखभर रुपयांचे, त्याचा भार या चार टोकांवर असतो.

मनगटी घड्याळांच्या सुरुवातीच्या काळात ही व्यवस्था नव्हती. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिशातून साखळीचे घड्याळ काढून पाहणे गैरसोयीचे ठरू लागले, म्हणून लहान घड्याळांना तारेचे कान डाग देऊन जोडत आणि त्यांतून चामड्याची पट्टी ओवत. तो जोड पक्का होता, पण पट्टा बदलायचा म्हणजे शिवण उसवून पुन्हा घालावी लागे किंवा एकसंध पट्टी ओवावी लागे. स्प्रिंगच्या पिनेने पट्टा बदलणे सोपे झाले, आणि जे सोपे झाले ते सुटणेही सोपे झाले. ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने १९७३ साली सैनिकांच्या घड्याळपट्ट्याचे जे मानक ठरवले त्यात म्हणूनच २० मिलिमीटर रुंदीची नायलॉनची एकच अखंड पट्टी होती. ती घड्याळाच्या पाठीमागून दोन्ही पिनांखालून जाते, त्यामुळे एक पिन सुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेला अडकून हातावरच राहते. आज बाजारात नाटो पट्टा या नावाने जो मिळतो तो हाच. माझ्या एका स्नेह्यांनी तो पट्टा केवळ रंगासाठी घेतला आहे आणि त्यामागचे कारण मी सांगितल्यावर ते काहीसे हिरमुसले.

आता मापांविषयी, कारण घोटाळा तिथेच सुरू होतो. पट्ट्याची रुंदी म्हणजे घड्याळाच्या तबकडीची रुंदी नव्हे. कानांमधले आतले अंतर हे खरे माप. पुरुषांच्या घड्याळांत ते बहुधा १८, २० किंवा २२ मिलिमीटर असते, स्त्रियांच्या घड्याळांत १२, १४ किंवा १६. काही घड्याळांत ते १९ किंवा २१ असे विषम निघते आणि तिथे दुकानदार व गिऱ्हाईक दोघेही तडजोड करतात. १९ च्या जागी १८ चा पट्टा घातला तर दोन्हीकडे अर्धा मिलिमीटर फट राहते, पट्टा पिनेवर आडवा सरकत राहतो आणि उघडी पिन घामाने गंजते. २० चा चामडी पट्टा दाबून १९ मध्ये बसवता येतो, ती तडजोड मला मान्य आहे. मात्र त्यासाठी पट्ट्याच्या कडा ब्लेडने तासायच्या, हा जो प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे तो मान्य नाही, कारण कड तासली की शिवण उसवायला वेळ लागत नाही. बऱ्याच चांगल्या पट्ट्यांच्या मागच्या बाजूला कानाकडच्या टोकाशी रुंदीचा आकडा उमटवलेला असतो. रुंदीचा आकडा नसलेला पट्टा घेऊच नये असे माझे मत आहे, आणि ते मी दुकानातही मोठ्याने सांगतो.

पट्ट्याच्या लांबीकडे तर कोणीच पाहत नाही. पट्टा दोन तुकड्यांचा असतो, बकलाचा आखूड तुकडा आणि भोकांचा लांब तुकडा. साधारणतः ७५ आणि ११५ मिलिमीटर, किंवा मोठ्या मनगटासाठी ८० आणि १२०. बारीक मनगटाच्या माणसाला शेवटचे भोकही सैल होते, मग दुकानात टोच्याने आणखी एक भोक पाडून देतात आणि ते हमखास तिरके असते. आखूड तुकडा बाराच्या अंकाकडे आणि लांब तुकडा सहाच्या अंकाकडे, हा साधा नियमही पाळला जातोच असे नाही. माझ्या मेहुण्यांच्या घड्याळाला दुकानाने उलटा पट्टा बसवून दिला आणि ते वर्षभर, घड्याळ बांधताना हात का अवघडतो याचा विचार करत राहिले.

पुण्यात जून ते सप्टेंबर हे महिने चामडी पट्ट्याचे वैरी आहेत. दुचाकीवरून जाणारा माणूस भिजतो, पट्टा भिजतो, तो तसाच कपाटात जातो आणि चार दिवसांनी त्यावर पांढरी बुरशी दिसते. पट्टा कुजतो ते दिसते तरी. आत पिन गंजते ते दिसत नाही. घामातील क्षार नळीच्या आत शिरले की स्प्रिंग जाम होते आणि दाबलेले टोक बाहेर येत नाही. म्हणून पट्टा बदलताना पिना बदलल्याच पाहिजेत, जुन्या चांगल्या दिसत असल्या तरीही. मला घड्याळजींनी दोन पिनांचे २० रुपये घेतले. ज्या दुकानाने पट्ट्याचे साडेसहाशे घेतले त्याला हे २० रुपये जड झाले असावेत असे मला वाटत नाही. त्यांच्याकडे सवयच नाही, इतकेच.

धातूच्या पट्ट्याची, म्हणजे आपण ज्याला चेन म्हणतो तिची, कथा वेगळी आहे. तिथे प्रश्न कड्या काढण्याचा असतो. चेनच्या आतल्या बाजूला काही कड्यांवर बारीक बाण कोरलेले असतात. कडीची पिन त्या बाणाच्या दिशेने ढकलून काढायची आणि परत घालताना उलट दिशेने घालायची असते, कारण अनेक चेनमधील पिनेचे एक टोक चिरलेले आणि किंचित फाकलेले असते व तेच तिला धरून ठेवते. बाण न पाहता हातोडीने पिन ठोकली की भोक सैल होते आणि मग ती पिन पुन्हा पुन्हा बाहेर डोकावते. कड्या दोन्ही बाजूंनी शक्यतो सारख्या काढाव्यात, नाहीतर बकल मनगटाच्या मधोमध न येता एका कडेला सरकते. अर्धी कडी सैल-घट्ट करण्यासाठी बकलाच्या कडेला भोके असतात, त्यांचा उपयोग करणारे दुकानदार मला फार थोडे भेटले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काढलेल्या कड्या आणि पिना गिऱ्हाइकाला परत दिल्या पाहिजेत. त्या त्याच्या मालकीच्या आहेत. माझ्या भाच्याने नव्या घड्याळाच्या तीन कड्या काढून घेतल्या, त्या दुकानातच राहिल्या; पुढे त्याचे वजन वाढले आणि त्या तीन कड्यांसाठी त्याला संपूर्ण चेन विकत घ्यावी लागली. वजनाचा दोष दुकानदाराचा नव्हे हे मला मान्य आहे, कड्यांचा मात्र आहे.

यापेक्षा गंभीर बाब अशी की अलीकडे काही कंपन्या घड्याळाचे कानच अशा आकाराचे करतात की बाजारातला कोणताही सरळ पट्टा त्यांना बसू नये. कुठे मध्ये खाच, कुठे एकच अरुंद जीभ, कुठे पट्टा घड्याळाच्या कवचातच मिसळलेला. शोभा असेल, पण तो पट्टा फाटला की त्याच कंपनीच्या दारात जावे लागते. शेजारच्या मुलाचे चार वर्षांचे घड्याळ असेच निरुपयोगी झाले. सेवाकेंद्राने सांगितले की त्या मॉडेलचा पट्टा आता येत नाही, नवे घड्याळ घ्या. यंत्र सुरू, सेल नवा, काचेवर ओरखडा नाही आणि घड्याळ टेबलावर पडून. याउलट माझ्या जनता घड्याळाचे पाहा. हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजेच एचएमटीने, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूला घड्याळांचा कारखाना काढला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. कंपनी बंद करण्याचे ठरले, तरी त्या घड्याळाला आज कोणत्याही पेठेत पट्टा मिळतो, कारण त्याचे कान साधे, सरळ आणि १८ मिलिमीटरचे आहेत.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेती अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निश्चित करण्यात आली. मनगटी घड्याळाचा त्यात वेगळा उल्लेख नाही. एवढ्याशा वस्तूसाठी वेगळा कायदा करा असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पण ज्या वस्तूचा एक भाग नियमितपणे झिजणारच आहे तो भाग किती वर्षे मिळत राहील हे विकतानाच छापून देण्यास कंपन्यांना काय अडचण आहे, ते मला समजत नाही. त्याच डबीवर कानांमधले अंतर मिलिमीटरमध्ये छापले तर आणखी उत्तम. पाण्याखाली किती मीटरपर्यंत घड्याळ टिकेल हे पाठीमागे ठळक कोरलेले असते. मुठेच्या पुलावरून रोज जाणाऱ्या आम्हा लोकांना त्या आकड्याचा उपयोग किती आणि पट्ट्याच्या मापाचा किती, याचा त्यांनीच विचार करावा.

सुट्या पट्ट्यांच्या बाबतीत तर नियम आहेच. वैध मापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार वेष्टनातील वस्तूचा आकार महत्त्वाचा असेल तिथे वेष्टनावर ती मापे द्यावी लागतात. पट्ट्याइतका आकार महत्त्वाचा असलेली वस्तू शोधून सापडणार नाही. तरीही दुकानात टांगलेल्या कितीतरी पट्ट्यांच्या पाकिटांवर फक्त किंमत आणि एखादे इंग्रजी विशेषण असते. ग्राहक पंचायतीची स्थापना १९७४ साली ज्या शहरात झाली, त्या शहरातील गिऱ्हाइकाने याबाबत गप्प बसावे हे मला शोभनीय वाटत नाही. योगायोगाने माझे घड्याळही १९७४ चेच आहे.

दुकानदारांकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. पट्टा दाखवण्यापूर्वी घड्याळाचे माप घ्यावे, साधी पट्टीही चालेल. पट्ट्याबरोबर त्याच मापाच्या नव्या पिना गिऱ्हाइकासमोर घालाव्यात. जुन्या पिना, काढलेल्या कड्या आणि जुना पट्टा विचारल्याशिवाय टाकून देऊ नये. आणि पट्टा बसवल्यावर तो दोन्ही बाजूंनी ओढून दाखवावा. मंडईच्या घड्याळजींनी नेमके हेच केले. पिन बसताना टक असा आवाज येईपर्यंत त्यांनी ती किंचित फिरवली, मग घड्याळ डाव्या मुठीत धरून पट्टा चांगला जोर लावून ओढला आणि ते माझ्यापुढे करून म्हणाले, ‘‘आता तुम्ही ओढा.’’ चकचकीत दुकानात मला पट्ट्याचे नऊ रंग दाखवण्यात आले, पण ओढून पाहा असे कोणी म्हटले नाही.

ज्यांना हे काम घरी करायचे असेल त्यांनी ते अवश्य करावे, कारण त्यात अवघड असे काही नाही. एका टोकाला बारीक दुबेळके आणि दुसऱ्या टोकाला अणकुचीदार सुई असलेले अवजार घड्याळाचे सामान विकणाऱ्याकडे मिळते. भाजीची सुरी, कर्कटकाचे टोक आणि आईची शिवणाची सुई यांनी हे काम करू नये. सुरी घसरली की कानांच्या आतल्या बाजूला जो ओरखडा पडतो तो जन्मभर राहतो. कानांना कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी. घड्याळ पालथे ठेवून दुबेळके पट्टा आणि कान यांच्या फटीत घालावे, पिनेची कड आत दाबावी आणि पट्टा हलकेच वर उचलावा. नवीन पट्टा घालताना पिनेचे एक टोक आधी भोकात बसवून दुसरे दाबत न्यावे. हे सर्व स्वयंपाकघरातल्या ताटात करावे, म्हणजे पिन उडाली तरी ताटाबाहेर फार लांब जात नाही. माझी पहिली पिन उडाली ती देवघरातल्या शंखात सापडली होती. हल्ली काही पट्ट्यांच्या पिनेला नखाने सरकवता येईल असे छोटे बोंड असते, त्यांना अवजारही लागत नाही. माझी सून आठवड्याच्या साड्यांप्रमाणे पट्टे बदलते ते त्याच बोंडाच्या बळावर. पण बोंडाच्या पिनेलाही टक आवाज ऐकू येईपर्यंत बसवावे आणि मग ओढून पाहावेच, हे मी तिलाही सांगून ठेवले आहे.

सेवाकेंद्राच्या किंवा दुकानाच्या नावाचा उल्लेख मी हेतुपुरस्सर टाळला आहे. बिल माझ्याकडे आहे, पण भांडण करण्याचा हेतू नाही. मी त्या दुकानात पुन्हा गेलो होतो, मोजलेले आकडे कागदावर लिहून नेले होते. काउंटरवरच्या मुलाने ते सौजन्याने वाचले आणि पट्टा बदलून देण्याची तयारी दाखवली. पट्ट्यात दोष नाही, दोष पिनेत आहे, हे मी त्याला तीनदा सांगितले. तो प्रत्येक वेळी मला नवा रंग दाखवत राहिला. घड्याळाची काच आणि चावीची दांडी बदलून झाली आहे व ते पूर्वीप्रमाणेच दोन-तीन मिनिटे पुढे जाते. सोळाची ती पिन मी प्रयोगशाळेच्या सवयीने लेबल लावून काडेपेटीत ठेवली आहे. दुसरी पिन घड्याळजींनी काढून दिली तीही त्याच काडेपेटीत आहे. त्या दुकानाला कधी सोळाच्या घड्याळासाठी लागल्याच, तर कार्यालयीन वेळेत घरी येऊन दोन्ही परत नेता येतील.

आपला नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक
सदाशिव पेठ, पुणे